धक्का इथं, नोंद तिथं!

मुलांनो,

गेल्या आठवड्यात सातवीच्या वर्गात भूकंपाचा विषय निघाला. मी फळ्यावर भूकंपमापकाचं चित्र काढलं. टांगलेलं वजन, खाली हलणारी जमीन, शेजारी नागमोडी रेघ. चित्र छान जमलंय असं मला वाटत होतं, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"बाई, मोठा भूकंप झाला की वीज जाते. घरं पडतात. मग ते यंत्रच ढिगाऱ्याखाली गेलं तर त्याची नोंद कोण वाचणार?"

खडू हातातच राहिला. प्रश्न अगदी नेमका होता. "उद्या सांगते हं," म्हणून मी वेळ मारून नेली आणि संध्याकाळी माझ्या मामेभावाला गाठलं. तो एका महाविद्यालयात संगणकांचं काम बघतो. त्यानं जे दाखवलं ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंच. पण एवढं चांगलं उत्तर एका वर्गापुरतं कशाला ठेवायचं? म्हणून आज तुम्हालाही सांगते.

"कुठं झाला?"

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं होती. मी तेव्हा पाच वर्षांची होते. आम्ही सोलापूरला राहायचो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून सगळे उशिरा झोपलेले. आई सांगते, मांडणीवरची भांडी खणखणली आणि बाबा मला उचलून अंगणात धावले. सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. आणि जो तो एकच विचारत होता, "कुठं झाला? कुठं झाला?"

कुणालाच माहीत नव्हतं. बाबा ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. नंतर कळलं, की लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं पडली होती. हजारो माणसं झोपेतच गेली होती.

"कुठं झाला?" हा साधा प्रश्न नाही बरं का! मदतीच्या गाड्या कोणत्या रस्त्यानं पाठवायच्या, ते त्याच्या उत्तरावर ठरतं. आणि एकट्यादुकट्या यंत्राला ते उत्तर देताच येत नाही.

का? भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या असतात. पहिली, 'पी' लाट, खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. मागून येणारी 'एस' लाट साडेतीन किलोमीटरच्या आसपास. दोघी एकाच वेळी निघाल्या, तरी जेवढं अंतर लांब तेवढं त्यांच्यातलं अंतर वाढतं. जवळच्या भूकंपासाठी सोपा हिशेब असा : दोन लाटांमधले सेकंद मोजा आणि आठानं गुणा. दहा सेकंद असतील तर भूकंप सुमारे ८० किलोमीटरवर. पण कोणत्या दिशेला? ते कळत नाही! नकाशावर त्या यंत्राभोवती ८० किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. दुसऱ्या यंत्राचं दुसरं वर्तुळ, तिसऱ्याचं तिसरं. तिन्ही वर्तुळं जिथं भेटतात, तिथं भूकंप.

म्हणजे तीन ठिकाणच्या नोंदी एका टेबलावर यायला हव्यात. आणि लवकर यायला हव्यात. खरी मेख इथंच आहे.

निरोपांची टेकडी

जर्मनीत पॉट्सडॅम नावाचं शहर आहे. तिथल्या एका टेकडीचं नाव 'टेलिग्राफेनबर्ग', म्हणजे तारयंत्राची टेकडी. पण तिथलं तारयंत्र बिनतारेचंच होतं! १८३० नंतरच्या काळात तिथं एका खांबाला हलणारे लाकडी हात लावलेले होते. हातांची ठेवण बदलली की निरोप बदलायचा. पुढच्या टेकडीवरचा माणूस दुर्बिणीतून बघून तीच ठेवण आपल्या खांबावर करायचा. असा निरोप बर्लिनहून थेट कोब्लेन्झपर्यंत जायचा.

याच टेकडीवर १८८९ साली एर्न्स्ट फॉन रेबर-पाश्विट्झ या शास्त्रज्ञानं एक अतिशय नाजूक लंबक ठेवला होता. चंद्र-सूर्याच्या ओढीमुळं जमीन किंचित कलते का, हे त्याला बघायचं होतं. १७ एप्रिलला त्याचा लंबक भलताच हलला. विल्हेल्म्सहाफेन या दुसऱ्या गावात ठेवलेला त्याचा लंबकही हलला. काय झालं असावं? काही आठवड्यांनी 'नेचर' या नियतकालिकात त्यानं टोकियोच्या भूकंपाची बातमी वाचली आणि वेळा ताडून पाहिल्या. जुळल्या! सुमारे नऊ हजार किलोमीटरवरचा भूकंप यंत्रानं टिपला आणि ओळखला गेला, तो जगात पहिल्यांदा. पुढं १८९५ साली त्यानं सुचवलं, की सगळ्या देशांनी भूकंपकेंद्रं उभारावीत आणि नोंदी एकमेकांना द्याव्यात. त्याच वर्षी तो वारला. वय अवघं ३४.

त्याचं म्हणणं जगानं ऐकलं, पण नोंदी फिरायच्या टपालानं. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. १९६०च्या दशकात अमेरिकेनं जगभर एकसारख्या भूकंपयंत्रांचं जाळं उभं केलं. त्यात पुण्याचं केंद्र होतं. खूण 'पीओओ'. नोंद फोटोच्या कागदावर व्हायची. कागद धुवायचा, वाळवायचा, मग सूक्ष्मचित्रं काढण्यासाठी अमेरिकेला पाठवायचा. शास्त्रज्ञांच्या अभ्यासाला ते ठीक होतं. पण रस्त्यावर उभं राहून "कुठं झाला?" विचारणाऱ्या माणसाला टपालाचा काय उपयोग?

आज त्याच टेलिग्राफेनबर्गवर जर्मनीची भूविज्ञान संशोधन संस्था आहे. तिच्या 'जिओफोन' जाळ्याकडं जगभरच्या केंद्रांच्या नोंदी काही सेकंदांत येतात. त्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी 'सीडलिंक' नावाची बोलण्याची एक पद्धत तयार केली. आता ती जगात ठिकठिकाणी वापरतात. टेकडीनं निरोपाचं जुनं काम सोडलेलं नाही, नाही का?

पंगतीतला वाढपी

आता मामेभावाकडं जाऊ या. त्यांच्या महाविद्यालयाच्या तळमजल्यावर एक छोटं भूकंपमापक बसवलंय. ते जमिनीची हालचाल तीन बाजूंनी मोजतं : वर-खाली, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम. प्रत्येक बाजूचे सेकंदाला १०० आकडे. करा गुणाकार! दिवसाला दोन कोटी एकोणसाठ लाख वीस हजार आकडे. जमीन शांत असली तरीही.

हे आकडे सुटे पाठवत नाहीत. ५१२ बाइटच्या पुडक्यात बांधतात. एक बाइट म्हणजे एका इंग्रजी अक्षराएवढी जागा. पुडक्यावर केंद्राचं नाव, कोणती बाजू आणि पहिल्या आकड्याची अचूक वेळ लिहिलेली असते. आत गंमत असते. आकडा लिहायचा नाही, आधीच्या आकड्यापेक्षा किती फरक पडला तेवढंच लिहायचं. जमीन शांत असली की फरक छोटे, म्हणून एका पुडक्यात चारेकशे आकडे मावतात. ते भरायला चार सेकंद लागतात. जमीन जोरात हलली की फरक मोठे होतात, पुडकं लवकर भरतं आणि लवकर निघतं. म्हणजे भूकंपात यंत्र आपोआपच भराभर बोलू लागतं!

ही पुडकी जातात सर्व्हरकडं. सर्व्हर म्हणजे काय हो? सरळ अर्थ घ्या : वाढपी! पंगतीत बसलेल्यांना वाढणारा. आणि पानावर बसलेले म्हणजे दुसऱ्या गावांतले, दुसऱ्या देशांतले संगणक. त्यांना म्हणतात क्लायंट. एखादा क्लायंट आला की असं बोलणं होतं :

क्लायंट : हॅलो.
सर्व्हर : मी अमुक सर्व्हर, अमुक आवृत्ती.
क्लायंट : स्टेशन, अमुक केंद्र.
सर्व्हर : ओके.
क्लायंट : सिलेक्ट, फक्त वर-खाली हालचाल.
सर्व्हर : ओके.
क्लायंट : डेटा.
सर्व्हर : ओके.
क्लायंट : एंड.

'एंड' म्हणजे शेवट. पण इथं शेवट होतो तो फक्त मागण्यांचा. त्यानंतर पुडक्यांची धार सुरू होते. पुन्हा पुन्हा मागावं लागत नाही. पुडकं आलं की वाढपी ते लगेच सगळ्या पानांवर वाढतो. ज्याला फक्त भात हवा त्याला भात, ज्याला सगळं हवं त्याला सगळं.

आणि मध्येच लाइन तुटली तर? इथं सीडलिंकची खरी हुशारी दिसते. वाढताना प्रत्येक पुडक्याच्या पुढं आठ बाइटची चिठ्ठी असते. तिच्यावर 'एसएल' ही दोन अक्षरं आणि सहा जागांचा क्रमांक. तुम्ही तापानं दोन दिवस शाळेत आला नाहीत, तर मैत्रिणीला काय विचारता? "माझं ४१व्या पानापर्यंत झालंय. पुढचं दे." क्लायंट तेच करतो. पुन्हा जोडला गेला की शेवटचा क्रमांक सांगतो, आणि सर्व्हर तिथून पुढचं सगळं देतो. एक आकडासुद्धा सुटत नाही.

पण त्यासाठी सर्व्हरनं मागचं सांभाळून ठेवलेलं असायला हवं. किती मागचं? इथंच माझा मामेभाऊ फसला होता.

दिवाळीत हरवलेले दोन दिवस

त्यानं 'रिंगसर्व्हर' नावाचा, फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरला. तो अमेरिकेतल्या आयरिस या संस्थेत लिहिला गेला. (२०२३ पासून ही संस्था अर्थस्कोप नावाच्या मोठ्या संस्थेत सामील झाली आहे.) 'रिंग' म्हणजे कडं. समजा, गोलाकार मांडलेल्या पाट्या आहेत. पुडकं आलं की एका पाटीवर लिहायचं, पुढचं पुढच्या पाटीवर. फेरी पुरी झाली की पहिली पाटी पुसून तिच्यावर नवं लिहायचं. म्हणजे जागा कधी संपत नाही, पण जुनं पुसलं जातं.

पाट्या किती मांडायच्या, ते आपण ठरवायचं. जुन्या संगणकात जागा कमी, म्हणून भावानं ४० मेगाबाइटचं कडं केलं. त्यात साधारण एक दिवसाच्या नोंदी मावायच्या. दुसऱ्या शहरातल्या त्याच्या मित्राचा संगणक त्या नोंदी घेऊन कायमच्या जपायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग दिवाळी आली. सुट्टीत महाविद्यालयाची इंटरनेटची लाइन तीन दिवस बंद पडली. यंत्र चालू, सर्व्हर चालू, पण बाहेर जायला वाट नाही. लाइन आली तेव्हा मित्राच्या संगणकानं आपला शेवटचा क्रमांक सांगितला. ती पाटी केव्हाच पुसली गेली होती! सर्व्हरकडं फक्त शेवटचा एक दिवस उरला होता. दोन दिवस गेले ते गेलेच.

"एखादा लहान धक्का बसला असेल त्या दोन दिवसांत, नसेलही," भाऊ म्हणाला. "आता काही सांगता येणार नाही. परीक्षा पुन्हा घेता येते गं, पण जमीन तोच धक्का पुन्हा देत नाही."

मग त्यानं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. तीन बाजूंची मिळून दिवसाला ६४,८०० पुडकी. गुणिले ५१२ बाइट. सुमारे ३३ मेगाबाइट. शिवाय प्रत्येक पाटीवर नाव-नंबर लिहायला थोडी जास्त जागा. त्यानं नवी डिस्क घातली आणि एक गिगाबाइटचं कडं केलं. आता तीन आठवड्यांहून जास्त नोंदी राहतात. लाइन दुरुस्त व्हायला तेवढे दिवस पुरावेत.

मी शेजारी बसून त्याचं बाकीचं कामही पाहिलं. ते असं :

दारं : संगणकाला नंबर घातलेली अनेक दारं असतात. सीडलिंकचं नेहमीचं दार १८०००. येणाऱ्याला पत्ता विचारत फिरायला नको, म्हणून तेच ठेवलं. यंत्राकडून पुडकी आत येण्यासाठी वेगळं दार, १६०००.

लिहिणारे आणि वाचणारे : वाचायला कुणीही यावं. पण लिहायला परवानगी फक्त यंत्राच्या संगणकाला. नाहीतर एखादा खोडकर खोट्या भूकंपाची पुडकी आत ढकलायचा!

घड्याळ : यंत्राचं घड्याळ उपग्रहांच्या जीपीएस संकेतांशी जुळवलेलं. एका सेकंदाची चूक झाली तर 'पी' लाटेच्या हिशेबात सहा किलोमीटरचा घोटाळा. आणि वेळ सगळीकडं एकच धरायची, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ. जपानचा संगणक आणि कराडचा संगणक एकाच घड्याळाबद्दल बोलले पाहिजेत ना!

वीज : पाट्या डिस्कवरच्या फायलीत ठेवलेल्या, म्हणजे सर्व्हर बंद करून पुन्हा लावला तरी कोऱ्या होत नाहीत. अचानक वीज जाऊन फाइल बिघडू नये म्हणून यूपीएस. आणि संगणक सुरू झाला की सर्व्हर आपोआप सुरू व्हायला हवा. पहाटे चार वाजता बटण दाबायला कोण येणार?

शेवटी त्यानं परीक्षा घेतली. मित्राचा संगणक जोडलेला असताना चक्क वायर उपटली. दहा मिनिटं थांबला. पुन्हा लावली. पडद्यावर थांबलेली रेघ सरसर पुढं आली आणि वर्तमानाला येऊन मिळाली. मध्ये कुठंही खाच नाही! मी टाळ्याच वाजवल्या.

तर मग, उत्तर काय?

आता त्या मुलीचा प्रश्न. यंत्र ढिगाऱ्याखाली गेलं तर?

समजा, भूकंप ४० किलोमीटरवर झाला. 'पी' लाट सात सेकंदांत यंत्रापाशी पोचेल. जास्त नासधूस करणारी 'एस' लाट अकरा-बारा सेकंदांत. मधल्या चार-पाच सेकंदांत एखाददुसरं पुडकं बाहेर पडलेलं असेल. लाट सेकंदाला सहा किलोमीटर धावते, पण काचेच्या तंतूतून जाणारा संदेश सेकंदाला दोन लाख किलोमीटर! त्याच्यापुढं भूकंपही गोगलगाय. इमारत पडली, लाइन तुटली, तरी गेलेली पुडकी दूरच्या संगणकांवर सुखरूप आहेत. आणि लांबची केंद्रं तर बोलतच राहतात. एक जण गप्प झाला तर बाकीचे सांगतात, "कुठं झाला."

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ ९.१ एवढा प्रचंड भूकंप झाला. समुद्राच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तेवढा वेळ हातात होता, पण किनाऱ्यावरच्या माणसांना कुणी सावध केलं नाही. त्यानंतर पॉट्सडॅमच्या शास्त्रज्ञांनी इंडोनेशियातल्या इशारा यंत्रणेसाठी आपली संगणकप्रणाली नव्यानं बांधली. आपल्याकडं हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत २००७ साली सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. देशातल्या आणि परदेशातल्या नोंदी तिथं रात्रंदिवस येत असतात.

करून पाहा

दहा पाट्या (किंवा कागद) गोलात मांडा. एक जण यंत्र. त्यानं दर पाच सेकंदांनी एक आकडा मोठ्यानं सांगायचा. दुसरा सर्व्हर. त्यानं आकडा आणि अनुक्रमांक पाटीवर लिहायचा, दहा झाल्या की पहिली पुसायची. तिसरा क्लायंट. त्यानं वहीत उतरवून घ्यायचं. आता क्लायंटला अर्धा मिनिट खोलीबाहेर पाठवा. परत आल्यावर त्यानं आपला शेवटचा क्रमांक सांगावा. सगळं मिळेल. मग एक मिनिट बाहेर पाठवा. किती आकडे हरवले? आणि एकही हरवू नये म्हणून किती पाट्या हव्यात? उत्तर हिशेबासह लिहून पाठवा.

आईबाबांसाठी दोन शब्द

"उद्या इतक्या वाजता भूकंप होणार" असे निरोप मोबाइलवर फिरतात. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारी पद्धत आज जगात कुणाकडंही नाही. वर सांगितलेली सारी यंत्रणा भूकंप सुरू झाल्यानंतर कामाला लागते. असा निरोप आला तर पुढं धाडू नका. मुलांना जवळ बसवून तो खोटा का, ते सांगा. खरी नोंद हवी असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र ती लगेच जाहीर करतं.

आणि मुलांनो, ती मागच्या बाकावरची मुलगी! उत्तर ऐकून ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बाई, यंत्र गेलं तरी त्यानं सांगितलेलं राहतं. कुणीतरी ऐकत असलं पाहिजे, एवढंच."

मी तिला पुढच्या बाकावर बसवणार होते. पण म्हटलं, राहू दे. तिथून तिला बरंच काही दिसतंय!

तुमच्या,
बाई